टोनी ग्विन: मेजर लीगचा बॅटर ते कॉलेजचा कोच – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक बेसबॉल सोडून कॉलेजच्या संघाला शिकवायला गेलेले खेळाडू अमेरिकेत पुष्कळ आहेत. पण हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानयादीत) जागा मिळवलेला माणूस आपल्याच जुन्या कॉलेजात परततो आणि बारा मोसम तिथेच कोच म्हणून राहतो, असं क्वचितच घडतं. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी ग्विन यांनी हे केलं. त्यांच्या कारकिर्दीबद्दल आणि एकूणच ‘खेळाडू ते कॉलेज कोच’ या वाटेबद्दल जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

टोनी ग्विन कोण होते, थोडक्यात सांगाल का?

जन्म ९ मे १९६०, लॉस एंजेलिस. वाढले लाँग बीचमध्ये. १९८२ ते २००१ असे वीस मोसम ते मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये) खेळले आणि सगळे एकाच संघाकडून, सॅन डिएगो पाद्रेजकडून. उजव्या बाजूचे आऊटफिल्डर, डावखुरे बॅटर. एकूण ३,१४१ हिट, कारकिर्दीची सरासरी .३३८, नॅशनल लीगची (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) आठ बॅटिंग विजेतेपदं (मोसमातल्या सर्वोच्च सरासरीची), पंधरा ऑल-स्टार निवडी, फिल्डिंगसाठी पाच गोल्ड ग्लव्ह. दोनदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, खेळले (१९८४ आणि १९९८), दोन्ही वेळा संघ हरला. २००७ मध्ये कॅल रिपकेन ज्युनियर यांच्याबरोबर त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

.३३८ म्हणजे नेमकं काय? क्रिकेटच्या सरासरीशी त्याचा संबंध आहे का?

काहीच नाही. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद होण्याची संख्या. इथे धावांचा प्रश्नच येत नाही. बॅटर मैदानावर येऊन ज्या ‘ॲट-बॅट’ खेळला, त्यांपैकी किती वेळा त्याने हिट मारून बेस गाठला, एवढंच ते गुणोत्तर आहे. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) मिळाला किंवा सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद झाला, तर ती ॲट-बॅट धरत नाहीत. ग्विन यांच्या ९,२८८ ॲट-बॅट आणि ३,१४१ हिट, म्हणून .३३८. साधारण .३०० काढणारा बॅटर उत्तम समजला जातो. म्हणजे दहात सात वेळा अपयशी ठरणारा माणूसही उत्तमच. हे एकदा डोक्यात बसलं की वीस वर्षं .३३८ राखणं किती अवघड आहे ते कळतं.

१९९४ मध्ये .४०० हुकलं कसं?

१२ ऑगस्ट १९९४ पासून खेळाडूंचा संप सुरू झाला, मोसम तिथेच संपला आणि वर्ल्ड सिरीजही रद्द झाली. तोवर ग्विन यांच्या ४१९ ॲट-बॅटमध्ये १६५ हिट होत्या, म्हणजे .३९४. तेवढ्याच ॲट-बॅटमध्ये आणखी तीन हिट पडल्या असत्या तर आकडा .४०० च्या पुढे गेला असता. नॅशनल आणि अमेरिकन लीगमध्ये .४०० ओलांडणारे शेवटचे बॅटर टेड विल्यम्स, १९४१ मध्ये .४०६. मोसम पूर्ण झाला असता तर ग्विन तिथे पोचले असते का, यावर वाद घालता येतो. मात्र त्या वर्षी ते थकलेले किंवा घसरणीला लागलेले नव्हते, हे नक्की.

ते स्ट्राइकआऊट इतके कमी कसे होत?

तीन स्ट्राइक होऊन बाद होणं म्हणजे स्ट्राइकआऊट. आधी आकडा पाहा. १०,२३२ वेळा प्लेटवर (बॅटरच्या जागी) आले आणि फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआऊट झाले. साधारण चोवीस वेळांत एकदा. एकाच सामन्यात तीन स्ट्राइकआऊट त्यांच्या नावावर एकदाच आहेत, १९८६ मध्ये डॉजर्सच्या बॉब वेल्चसमोर. ग्रेग मॅडक्ससारख्या पिचरविरुद्ध त्यांनी ९४ ॲट-बॅटमध्ये ३९ हिट मारल्या आणि एकदाही स्ट्राइकआऊट झाले नाहीत.

कारणं तीन. पहिलं, बॅट छोटी आणि हलकी. मेजर लीगच्या मानाने त्यांची बॅट बरीच लहान होती. लहान बॅट उशिरा सोडली तरी वेळेत पोचते. पिचर ज्या रबरी पट्टीवरून चेंडू टाकतो ती प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते आणि ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात येतो, त्यामुळे निर्णयाला मिळालेला क्षणाचा छोटासा तुकडाही मोलाचा ठरतो.

दुसरं, चेंडू खोलवर येऊ देणं. डावखुऱ्या बॅटरने बाहेरचा चेंडू थोडा थांबून मारला की तो डाव्या मैदानाकडे जातो. बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसच्या खेळाडूचा क्रमांक ५ आणि शॉर्टस्टॉपचा ६. या दोघांमधल्या फटीला ग्विन ‘५.५ होल’ म्हणत आणि चेंडू सतत तिथूनच काढत.

तिसरं, बॅटिंग टी. मेजर लीगमध्ये विजेतेपदं मिळवल्यावरही ते उभ्या रबरी दांड्यावर चेंडू ठेवून मारण्याचा सराव करत राहिले. शाळकरी मुलांचं साधन म्हणून पुष्कळ जण टी बाजूला ठेवतात. ते चूक आहे.

टीवरचा हा सराव घरी किंवा क्लबमध्ये कसा करायचा?

जमिनीवर १७ इंच रुंद होम प्लेट ठेवा, नसेल तर खडूने आखा. टी प्लेटच्या तीन जागी लावायचा:

– आतल्या चेंडूसाठी: प्लेटच्या आतल्या कडेच्या रेषेत, पण पुढच्या पायाच्या बराच पुढे.
– मधल्या चेंडूसाठी: प्लेटच्या मध्यावर, पुढच्या पायाच्या साधारण रेषेत.
– बाहेरच्या चेंडूसाठी: बाहेरच्या कडेवर आणि मागे, प्लेटच्या मध्याच्या आसपास.

उंची गुडघा ते कंबर यांच्या दरम्यान बदलत राहा. प्रत्येक जागी दहा चेंडू, समोर जाळी. बाहेरच्या जागेपासून सुरुवात करा, कारण शरीर लवकर उघडण्याची खोड तिथे लगेच पकडली जाते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे टी हलवायच्या ऐवजी स्वतःचे पाय हलवणं. बॅटर टीला आपल्या दोन पायांच्या मधोमध घेऊन उभा राहतो. मग चेंडू गरजेपेक्षा खूप मागे लागतो आणि सामन्यात तोच बॅटर प्रत्येक वेगवान चेंडूला उशीर करतो. प्लेट आखलेली असेल आणि पायांची जागा खुणेने पक्की केलेली असेल तर ही चूक होत नाही.

दुसरी खूण चेंडूच्या फिरकीत दिसते. बाहेरचा चेंडू मारल्यावर तो वरून खाली वळत दुसऱ्या बेसच्या दिशेने लोळत गेला (डावखुऱ्या बॅटरचा), तर मनगट लवकर उलटलं. चेंडू उलटी फिरकी घेऊन जाळीच्या डाव्या अर्ध्यात सरळ गेला तर बरोबर. नुसतं ‘जोरात लागला’ एवढ्यावर समाधान मानू नका.

त्यांना ‘कॅप्टन व्हिडिओ’ का म्हणत?

१९८३ मध्ये फॉर्म हरवला असताना ग्विन यांनी पत्नी ॲलिशिया यांना टीव्हीवरचे सामने घरच्या व्हीसीआरवर टेप करायला सांगितलं. टेप पाहिल्यावर स्वतःच्या स्विंगमधला दोष त्यांना दिसला. मग ती सवयच झाली. दौऱ्यावर ते स्वतःचं टेपचं सामान घेऊन जात आणि आपल्या प्रत्येक खेळीचा संग्रह ठेवत. आज प्रत्येक संघाकडे व्हिडिओ विभाग असतो, तेव्हा नव्हता.

आता मोबाइलवरच हे जमतं, फक्त कॅमेरा नीट लावा. एक चित्रण बाजूने, बॅटरच्या छातीच्या उंचीवर, त्याच्या अगदी समोर काटकोनात. दुसरं पिचरच्या मागच्या दिशेने किंवा बॅटरच्या पाठीमागून, जाळीआडून. कॅमेरा तिरका लावला तर चेंडू बॅटला कुठे लागला ते फसवं दिसतं आणि नसलेला दोष दुरुस्त करायच्या नादात चांगला स्विंग बिघडतो. स्लो मोशनमध्ये घ्या. पाहताना एका वेळी एकच गोष्ट पाहा: आधी डोकं स्थिर आहे का, मग पुढचा पाय कधी टेकतो, मग हात. आणि चांगल्या दिवसांचं चित्रण अवश्य जपून ठेवा. फॉर्म गेल्यावर तुलनेला काहीतरी हवं असतं, आणि नेमकं तेच बहुतेकांकडे नसतं.

टेड विल्यम्स यांनी त्यांना काय शिकवलं?

१९९२ चा ऑल-स्टार सामना सॅन डिएगोत झाला तेव्हा दोघांची गाठ पडली. विल्यम्स मूळचे सॅन डिएगोचेच. आतला चेंडू नुसता वळवत बसू नकोस, ओढून जोरात मार, असा त्यांचा आग्रह होता. त्याचं फळ १९९७ मध्ये ठळक दिसलं. ३७ व्या वर्षात ग्विन यांनी .३७२ सरासरी, २२० हिट, १७ होम रन आणि ११९ आरबीआय (स्वतःच्या बॅटिंगवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) अशी कामगिरी केली. होम रन आणि आरबीआय दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतले सर्वोच्च. तयार खेळाडूही पस्तिशीनंतर नवीन शिकू शकतो, हे त्यांनी कोच होण्याआधी स्वतःवरच करून पाहिलं होतं.

ते बास्केटबॉलही खेळत होते, हे खरं का?

खरं. सॅन डिएगो स्टेटमध्ये ते मुळात बास्केटबॉलचे पॉइंट गार्ड म्हणून आले होते. असिस्टचे कॉलेजचे विक्रम (कारकिर्दीत ५९०) त्यांच्या नावावर झाले. पहिल्या वर्षी ते बेसबॉल खेळलेच नाहीत. पुढे बेसबॉल संघातल्या बॉबी मीचमने बेसबॉलचे कोच जिम डिएट्झ यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. जून १९८१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पाद्रेजनी त्यांना तिसऱ्या फेरीत निवडलं आणि एनबीएच्या सॅन डिएगो क्लिपर्सनी दहाव्या फेरीत. त्यांनी बेसबॉल घेतला. १९ जुलै १९८२ रोजी मेजर लीगमध्ये पदार्पण.

मेजर लीग सोडल्यावर ते थेट हेड कोच झाले का?

नाही. २००१ च्या मोसमाअखेर निवृत्त झाले आणि २००२ मध्ये सॅन डिएगो स्टेटमध्ये स्वयंसेवक सहायक म्हणून रुजू झाले, म्हणजे बिनपगारी. तीस वर्षांहून अधिक काळ संघ सांभाळणारे डिएट्झ त्या मोसमानंतर निवृत्त होणार होते आणि ग्विन त्यांची जागा घेणार हे आधीच ठरलं होतं. २००३ पासून ते हेड कोच.

हे एक वर्ष फार महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. त्या वर्षात माणूस संघातल्या मुलांना ओळखतो, नियमपुस्तक शिकतो, आणि प्रवासाची बस कोण ठरवतं इथपासून सगळी व्यवस्था पाहतो. नाव कितीही मोठं असलं तरी हे वर्ष वाचवू नये.

खेळाडूला कॉलेज कोच व्हायचं असेल तर काय काय लागतं?

आधी पदवी. बहुतेक विद्यापीठं कोचच्या जागेसाठी किमान पदवी मागतात, आणि शाळेतूनच व्यावसायिक करार केलेल्या खेळाडूकडे ती नसते. म्हणून करारावर सही करतानाच शिक्षणाचा खर्च संघाने देण्याची तरतूद मागून घ्यावी. अशी तरतूद असते, पण खेळणं थांबल्यावर ठरावीक मुदतीत शिक्षण सुरू केलं नाही तर ती वाया जाते. मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या लीगमधून) बाहेर पडणारे कितीतरी जण नेमके इथे चुकतात.

मग खालून सुरुवात. पूर्वी डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांच्या सर्वोच्च गटाच्या) बेसबॉल संघात हेड कोच, दोन पगारी सहायक आणि एक बिनपगारी स्वयंसेवक अशी रचना होती. जुलै २०२३ पासून त्या चौथ्या जागेलाही पगार देता येतो. शिरकाव करायचा असेल तर ज्युनियर कॉलेज आणि उन्हाळी लीगचे संघही चालतात. तिथे एकाच माणसाला मैदान आखण्यापासून पिचरच्या नोंदींपर्यंत सगळं करावं लागतं, आणि तोच खरा अभ्यास.

तिसरी गोष्ट नियमांची. शाळकरी खेळाडूशी कधी बोलायचं, कधी भेटायचं, त्याला काय द्यायचं आणि काय नाही, हे सगळं एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने बांधून दिलेलं असतं. चुकून पाठवलेला एक मेसेजही नियमभंग ठरू शकतो.

कोचचं वर्ष कसं जातं?

ऑगस्टअखेर सत्र सुरू होतं आणि शरद ऋतूत काही आठवडे संघाचा सराव व आपसातले सामने होतात. जानेवारीअखेर पूर्ण सराव, फेब्रुवारीच्या मध्याला मोसम. मेअखेरपर्यंत नियमित मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने. आठवड्याची घडी ठरलेली: शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच संघाशी तीन सामने, आणि मंगळवारच्या आसपास एखादा चौथा. सगळ्यात चांगला पिचर शुक्रवारी टाकतो आणि पुढच्या शुक्रवारी परततो. मधल्या सामन्यात बहुधा नव्या मुलांची परीक्षा होते.

मोसमात खेळाडूला आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त गुंतवता येत नाही. सामना कितीही लांबला तरी तो ३ तास धरतात. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. मेजर लीगमधून आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिथे दुपारी एकला सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात जाऊन हवं तितका वेळ मारता येतं. इथे संध्याकाळी त्या मुलाचा केमिस्ट्रीचा पेपर असतो.

मोसम संपला की उन्हाळाभर शाळकरी मुलांचे सामने पाहत हिंडायचं, आणि ड्राफ्टमध्ये आपले कोण जातात याची वाट बघायची. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो. म्हणून कोच पुढच्या वर्षाचा संघ तीन तऱ्हेने मांडतो: सगळे राहिले तर, तिघे गेले तर, आणि शाळेतून येणारा हुशार पिचरही करार करून बसला तर.

स्कॉलरशिप किती असतात? सगळ्यांना पूर्ण मिळते का?

मुळीच नाही, आणि पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज हाच. ग्विन यांच्या काळात डिव्हिजन १ च्या पूर्ण बेसबॉल संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या. २००८-०९ पासून टप्प्याटप्प्याने आणखी अटी आल्या: मदत जास्तीत जास्त २७ जणांत वाटायची, मदत मिळणाऱ्या प्रत्येकाला किमान २५ टक्के द्यायची आणि संघ ३५ जणांचा.

हिशेब करून बघा. समजा एका वर्षाचा पूर्ण खर्च ४०,००० डॉलर आहे. ११.७ चे होतात ४,६८,००० डॉलर. दोन उत्तम पिचरना ७५ टक्के दिले की १.५ गेले, उरले १०.२, आणि ते पंचवीस जणांत वाटायचे. सरासरी ४१ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १६,००० डॉलर. उरलेले २४,००० घरून. उरलेल्या आठ मुलांना खेळासाठी काहीच नाही. कॅचर आणि शॉर्टस्टॉपवर खर्च करावाच लागतो, मग पहिल्या बेसवाल्याला कमी. हे गणित चुकलं की कोच कितीही विद्वान असो, एप्रिलमध्ये त्याच्याकडे पिचर उरत नाहीत.

२०२५-२६ पासून ही रचना बदलली. न्यायालयीन तडजोडीनंतरची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संघाची मर्यादा ३४ झाली. श्रीमंत कॉलेजांना याचा फायदा आहे, हे उघड आहे.

स्टीफन स्ट्रासबर्गला ग्विन यांनीच घडवलं का?

श्रेय वाटून घ्यावं लागेल. स्ट्रासबर्ग सॅन डिएगोचाच मुलगा. शाळा संपली तेव्हा कोणत्याही मेजर लीग संघाने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं आणि तब्येतीने तो जड होता. सुरुवातीला व्यायामशाळेत त्याचा दम टिकत नसे. त्याचं शरीर ताकद प्रशिक्षक डेव्ह ओहटन यांनी तयार केलं, पिचिंग रस्टी फिल्टर यांनी. ग्विन यांनी त्याला २००७ मध्ये सुरुवातीचा पिचर न करता सामना मिटवायच्या कामावर ठेवलं. लहान काम, पूर्ण जोर, रोज थोडं. २००८ मध्ये स्टार्टर केला आणि त्या एप्रिलमध्ये त्याने यूटाविरुद्ध एका सामन्यात २३ स्ट्राइकआऊट घेतले. २००९ मध्ये १३ विजय, १ पराभव, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा) १.३२, १०९ इनिंगमध्ये १९५ स्ट्राइकआऊट, शिवाय एअर फोर्सविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना). जूनमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्याला देशात पहिल्या क्रमांकावर निवडलं. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हेड कोच बॅटर असेल तर पिचरचं काय करावं, याचं हे चांगलं उदाहरण आहे: जाणकार माणूस नेमावा, त्याच्या कामात लुडबुड करू नये, आणि मुलाला वेळ द्यावा. त्याच संघात शेवटच्या इनिंग टाकणारा ॲडिसन रीडही पुढे मेजर लीगमध्ये पोचला.

कॉलेजातल्या ॲल्युमिनियमच्या बॅटमुळे शिकवणं वेगळं होतं का?

बरंच. लाकडी बॅट मुठीजवळ लागली की तुटते किंवा चेंडू दुबळा पडतो. जुनी धातूची बॅट तिथूनही चेंडू मैदानात टाकायची. त्यामुळे मुलांना आतल्या चेंडूला उशीर करायची सवय लागायची आणि मायनर लीगमध्ये पहिल्याच महिन्यात ती उघडी पडायची. २०११ पासून कॉलेजांत बीबीसीओआर प्रमाण लागू झालं, बॅटचा उसळीचा गुणांक ०.५० पर्यंत मर्यादित झाला आणि होम रन झपाट्याने कमी झाले. वजनाचा नियम आधीपासून आहे: इंचातली लांबी वजा औंसातलं वजन ३ पेक्षा जास्त नको. म्हणजे ३३ इंची (साधारण ८४ सेंमी) बॅट किमान ३० औंस (८५० ग्रॅम). मुलांनी सरावात तरी लाकडी बॅट वापरावी. दोष लगेच हाताला कळतो.

३६३ विजय आणि ३६३ पराभव. मग ग्विन कोच म्हणून सामान्यच म्हणायचे का?

आकडा बरोबर आहे. बारा मोसमांत बरोबर निम्मे विजय. २००४ मध्ये माउंटन वेस्ट कॉन्फरन्सच्या (त्यांचं कॉलेज ज्या कॉलेज-गटात खेळत होतं त्याच्या) नियमित मोसमाचं विजेतेपद, २०१३ आणि २०१४ मध्ये कॉन्फरन्स स्पर्धेचं. २००९, २०१३ आणि २०१४ अशी तीनदा ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत धडक. ओमाहाला, म्हणजे शेवटच्या आठ संघांच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला, त्यांचा संघ पोचला नाही.

खेळाडू म्हणून त्यांची उंची पाहता हे कमी वाटतं, आणि तसं म्हणणाऱ्याला खोडून काढायचं कारण नाही. पण तुलना कशाशी करतो ते पाहावं. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी खेळाडू खच्चून आहेत आणि त्यांच्यासाठी झगडणारी कॉलेजंही तितकीच. यूसीएलए, यूएससी, कॅल स्टेट फुलर्टन, लाँग बीच स्टेट, त्याच शहरातलं युनिव्हर्सिटी ऑफ सॅन डिएगो. शिवाय स्ट्रासबर्गसारखा पिचर आठवड्यातून एकदाच टाकतो, उरलेले सामने इतरांनी जिंकायचे असतात. आमच्या मते ग्विन फार चांगले शिक्षक होते आणि बऱ्यापैकी संघ-बांधणी करणारे. कॉलेज कोचला ही दोन्ही कामं करावी लागतात. त्यांपैकी दुसऱ्यावरच विजयांचा आकडा ठरतो.

मोठे खेळाडू कोच झाल्यावर नेमके कुठे अडखळतात?

सहज जमणारी गोष्ट शिकवायला अवघड असते. ज्याला चेंडूची शिवण पिचरच्या हातातून सुटतानाच दिसते, तो ‘चेंडू नीट बघ’ म्हणतो आणि मुलाला काहीच कळत नाही. ग्विन यांचा फायदा असा, की त्यांनी स्वतःचा स्विंग टेपवर तुकड्या-तुकड्याने अभ्यासला होता. त्यामुळे त्यांच्याकडे सांगायला शब्द होते.

दुसरं, वेळेचं मोजमाप. १६२ सामन्यांच्या मोसमात दहा दिवसांची घसरण खपून जाते. ५६ सामन्यांत तीन वाईट शनिवार-रविवार म्हणजे मोसम हातचा गेला. अनुभवी माणूस सवयीने वाट बघतो आणि बदल उशिरा करतो.

तिसरं, अभ्यास. खेळाडूने प्रत्येक सत्रात पूर्णवेळ, म्हणजे सहसा १२ क्रेडिट घ्यायला हवेत आणि पुढच्या सत्रासाठी किमान ६ उत्तीर्ण व्हायला हवेत. संघाचा शैक्षणिक प्रगती निर्देशांक ९३० च्या खाली गेला तर संघावरच कारवाई होऊ शकते. सेंटर फिल्डर इंग्रजीत नापास झाला, ही कोचची अडचण असते.

आणि भरती. मंगळवारी संध्याकाळी एखाद्या शाळेच्या मैदानाबाहेर कठड्याशी उभं राहून दोन इनिंग एकाच मुलाला पाहायचं, मग गाडी चालवत घरी. हे वर्षानुवर्षं करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

त्यांचा मुलगा त्यांच्या हाताखाली खेळला का?

हो, अँथनी ग्विन ज्युनियर. २००३ मध्ये वडील हेड कोच असताना तो संघात होता. त्याच वर्षी मिलवॉकी ब्रूअर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं. पुढे तो पाद्रेजकडूनही खेळला.

त्यांच्या मृत्यूचं कारण तंबाखू होतं का?

२०१० मध्ये त्यांना लाळग्रंथीचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. शस्त्रक्रिया, किरणोपचार, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा, पुन्हा कर्करोग, पुन्हा शस्त्रक्रिया. १६ जून २०१४ रोजी ५४ व्या वर्षी ते गेले. वर्षानुवर्षं ओठाआड ठेवलेल्या तंबाखूमुळेच हे झालं, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. वैद्यकीयदृष्ट्या लाळग्रंथीच्या या कर्करोगाचा चघळायच्या तंबाखूशी संबंध तोंडाच्या कर्करोगाइतका स्पष्ट सिद्ध झालेला नाही. तोंडाच्या कर्करोगाचा मात्र झाला आहे, त्याबद्दल शंका नको.

मायनर लीगमध्ये १९९३ पासूनच बंदी होती आणि कॉलेज सामन्यांतही तंबाखू चालत नाही. मेजर लीगमध्ये २०१६ च्या करारानंतर नव्याने येणाऱ्या खेळाडूंना धूरविरहित तंबाखू वापरायला मनाई झाली. ओठाआड तंबाखूची चिमूट धरणं ही महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गोष्ट नाही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण मैदानाच्या कडेला चुना मळणारे हात थांबलेले नाहीत. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने, खेळ कोणताही असो, हे स्वतःपासून थांबवावं.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला अशा संघात जागा मिळू शकते का?

बारावीनंतर पदवीसाठी गेला असेल तर कागदावर शक्य आहे. डिव्हिजन १ किंवा २ साठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते, नववी ते बारावीच्या गुणपत्रिका लागतात आणि मुख्य विषयांचे १६ अभ्यासक्रम भरावे लागतात. मग शरद ऋतूतल्या ‘वॉक-ऑन’, म्हणजे आमंत्रण नसलेल्यांसाठीच्या, निवडीला जायचं. ही जागा बहुधा विनास्कॉलरशिप असते. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिपच नसते, पण संघात शिरणं तुलनेने सोपं.

इंजिनिअरिंग करून एमएसला जाणाऱ्यांची मात्र वेगळी अडचण आहे. डिव्हिजन १ मध्ये खेळायला पाच वर्षांची मुदत असते आणि ती जगात कुठेही पूर्णवेळ कॉलेज सुरू केल्यापासून मोजतात. पुण्यातली चार वर्षं त्यात गेली की एकच उरतं. त्यांच्यासाठी विद्यापीठाचा क्लब बेसबॉल संघ हाच व्यवहार्य मार्ग. तिथे नोंदणी फी भरावी लागते, पण सामने खरे होतात. आणखी एक खबरदारी: विद्यार्थी व्हिसावर असताना नाव-प्रतिमेच्या जाहिरातीतून पैसे घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारून घ्या. व्हिसाच्या अटी तिथे आड येऊ शकतात.

ग्विन यांच्या खुणा आज कुठे पाहायला मिळतात?

सॅन डिएगो स्टेटचं मैदान १९९७ पासून टोनी ग्विन स्टेडियम या नावाने आहे. पाद्रेजचे तेव्हाचे मालक जॉन मूर्स यांच्या देणगीतून ते उभं राहिलं. म्हणजे कोच झाल्यावर ग्विन स्वतःच्या नावाच्या मैदानावर मुलांना शिकवत होते. पाद्रेजनी त्यांचा १९ क्रमांक निवृत्त केला आहे आणि पेटको पार्कजवळ त्यांचा पुतळा आहे. २०१६ पासून नॅशनल लीगच्या बॅटिंग विजेतेपदाला त्यांचं नाव दिलं गेलं. संघ त्यांच्यानंतर त्यांचेच सहकारी मार्क मार्टिनेझ यांनी सांभाळला.